गुरुवारी वीज गेली तेव्हा: कर्वेनगरातल्या एका घरगुती सम्पचे प्रकरण

पार्श्वभूमी

कर्वेनगरातल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर हे कुटुंब राहते. पती-पत्नी दोघेही नोकरीला, दिवसभर घरात आजी. हॉलमध्ये खाऱ्या पाण्यातल्या माशांची चार फुटी टाकी: बाहेरून १२० × ४५ × ६० सेंमी, काच १० मिमी, लोखंडी अँगलचा वेल्डिंग केलेला स्टँड आणि त्यावर प्लायवूडचे आवरण. खडक बांधणारे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, त्यामुळे प्रवाळ ठेवायचे नाहीत हे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. सिरॅमिकचे खडक, क्लाउनफिशची जोडी, एक रॉयल ग्रामा मासा, दोन क्लीनर श्रिम्प (कोळंबीचा प्रकार) आणि काही गोगलगायी एवढाच संसार.

सम्प म्हणजे मुख्य टाकीच्या खाली स्टँडमध्ये ठेवलेली दुसरी टाकी. वरचे पाणी काठावरून ओसंडून पाइपाने खाली येते, गाळले जाते आणि पंप ते पुन्हा वर ढकलतो. फायदा तीन तऱ्हेचा. एकूण पाणी वाढते, त्यामुळे तापमान आणि क्षारता हळूहळू बदलतात. स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारे यंत्र), हीटर असली अवजड उपकरणे नजरेआड होतात. आणि बाष्पीभवनाने होणारी घट वरच्या टाकीत न दिसता फक्त पंपाच्या कप्प्यात दिसते.

या घरचा पहिला सम्प गृहस्थांनी डिसेंबरमध्ये स्वतः जोडला. उरलेल्या ६ मिमी काचेतून ७५ × ३० × ३८ सेंमी माप निघत होते, म्हणून तेच धरले. मुख्य टाकीला भोक पाडायची भीती वाटली, म्हणून मागच्या काचेवर अडकवायची अॅक्रिलिकची ओव्हरफ्लो पेटी आणि तिच्यात उलट्या यू आकाराची नळी. पंपावर ताशी ३००० लिटर लिहिलेले होते. प्रत्यक्षात परतीच्या नळाखाली १५ लिटरची बादली धरली तेव्हा ती ३० सेकंदांत भरली, म्हणजे ताशी १८०० लिटर. सव्वा-दीड मीटर उंची आणि तीन एल्बो (पाइपाचे कोपरे) एवढी किंमत घेतातच.

जोडणी झाल्यावर त्यांनी पंप बंद करून पाहिला होता, हे नोंदवायला हवे. सम्पमध्ये सुमारे १२ लिटर पाणी परत आले, काठापर्यंत जागा शिल्लक राहिली, सगळे ठीक वाटले. ही चाचणी करणारेही फार थोडे असतात.

त्या गुरुवारी काय घडले

मार्चमधला गुरुवार. पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवायची ती बहुधा गुरुवारी, आणि पालिकेचे पाणीही अनेकदा गुरुवारीच बंद असते. त्या दिवशी दोन्ही बंद होते. दहाच्या सुमारास वीज गेली. अकराच्या आत स्टँडखालून पाणी निघून सोफ्याच्या पायापर्यंत पोहोचले. आजींना ते दिसायच्या आत दारावरची बेल वाजली. खालच्या काकू उभ्या होत्या.

"अहो आजी, आमच्या बेडरूमच्या छतातून पाणी टपकतंय. आज तर नळाला थेंब नाही, मग हे येतंय कुठून?"

आजींनी त्या क्षणी केलेली गोष्ट अगदी योग्य होती. स्टँडमधल्या एक्स्टेन्शन बोर्डाला हात न लावता त्यांनी आधी दारामागच्या मुख्य पेटीतला हॉलचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, खाली पाडला. तो बोर्ड सम्पच्या शेजारी फरशीवरच ठेवलेला होता आणि खाऱ्या पाण्यात अर्धा बुडाला होता. वीज परत आली असती तर पुढचे सांगायला नको.

गृहस्थ संध्याकाळी आले. पाणी पुसले, बोर्ड बदलला, पंप सुरू केला. आणि इथे दुसरी चूक झाली. सम्पमधले पाणी फरशीवर गेल्यामुळे पंपाच्या कप्प्याची पातळी खाली गेली होती. त्या कप्प्यात आपोआप भर घालणारा फ्लोट व्हॉल्व्ह होता, त्यामागे आरओ पाण्याचा २० लिटरचा कॅन. फ्लोटला बाष्पीभवन आणि गळती यांत फरक कळत नाही. रात्रभरात त्याने अख्खा कॅन रिकामा केला. सकाळी रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजायच्या उपकरणावर) क्षारता हजारी ३५ वरून ३२.५ वर आलेली. मासे ठीक होते. दोनपैकी एक क्लीनर श्रिम्प दुसऱ्या दिवशी मेलेला आढळला. तो याच बदलाने मेला असे छातीठोक म्हणता येणार नाही, पण क्षारतेतला असा झटका श्रिम्पना मानवत नाही, हे मात्र पक्के.

पाणी कुठून आले: हिशेब

दुसऱ्या दिवशी पुण्यातल्याच दोन जाणकारांनी येऊन मोजमाप घेतले. वरच्या टाकीचे आतले क्षेत्रफळ ११८ × ४३, म्हणजे ५०७४ चौरस सेंमी. म्हणून तिथले १ सेंमी पाणी म्हणजे ५ लिटर. हा आकडा कागदावर लिहून समोर ठेवला की बाकीचे प्रकरण उलगडत जाते.

पंप चालू असताना पाणी ओव्हरफ्लो पेटीच्या दातेरी काठाच्या तळापासून दीड सेंमी वर असते. पंप थांबला की तेवढे उतरणारच: साडेसात लिटर. पेटी आणि पाइपातले आणखी चार लिटर. हे झाले डिसेंबरच्या चाचणीतले १२ लिटर.

पण परतीच्या नळाचे तोंड पाण्याच्या पृष्ठभागापासून ९ सेंमी खाली होते. पंप थांबताच हाच पाइप उलटा सायफन होतो आणि तोंड उघडे पडेपर्यंत वरचे पाणी खाली ओढत राहतो. हे तोडण्यासाठी पृष्ठभागाच्या किंचित खाली पाइपाला ५ मिमीचे भोक पाडलेले होते. पातळी उतरली की त्यातून हवा आत शिरावी आणि सायफन तुटावा, ही योजना. डिसेंबरात भोक नवे, स्वच्छ. मार्चमध्ये पाइप काढून उजेडात धरला तेव्हा त्या भोकात शेवाळाचा तुरीच्या दाण्याएवढा गच्च बोळा बसलेला होता. काडीने टोचूनही तो एकदम निघाला नाही.

भोक बंद म्हणजे ९ सेंमी पाणी खाली येणार: ४५ लिटर. पेटी आणि पाइपातले चार मिळवून साधारण ५० लिटर. सम्पचे आतले क्षेत्रफळ ७३.८ × २८.८, सुमारे २१२५ चौरस सेंमी. चालू पातळी २६ सेंमी, काठ ३८ वर. वरची मोकळी जागा जेमतेम २५ लिटर. उरलेले २५ लिटर फरशीवर गेले, आणि त्यातले काही स्लॅबमधून काकूंच्या पीओपीत.

मोजताना आणखी एक गोष्ट सापडली. यू नळीच्या माथ्यावर हवेचा फुगा साठला होता, नळीचा जवळजवळ अर्धा व्यास व्यापलेला. वरून येणाऱ्या पाण्यातले सूक्ष्म बुडबुडे तिथे जमत जातात. तो फुगा आणखी वाढला असता तर नळीचा सायफन तुटला असता, पंप मात्र वर ढकलत राहिला असता आणि पूर वरच्या टाकीतून आला असता. पुढचा अपघात आपल्या पाळीची वाट पाहत बसला होता.

पर्याय

पहिला पर्याय सगळ्यात स्वस्त: भोक दर आठवड्याला साफ करायचे आणि शेजारी दुसरे पाडायचे. जाणकारांचे म्हणणे स्पष्ट होते. भोक जरूर असू द्या, पण हिशेबात ते नाही असे धरा. जी गोष्ट साफ ठेवण्यावर अवलंबून आहे ती माणूस गावाला गेल्यावर बंद पडते.

दुसरा, परतीच्या पाइपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवायचा. दुकानात हाच उपाय सगळ्यात आधी सुचवला जातो. खाऱ्या टाकीत त्याच्या झडपेवर चुनखडीचा थर चढतो, नळीकिडे घर करतात, एखादी बारीक गोगलगाय अडकते आणि झडप पूर्ण मिटत नाही. शिवाय प्रवाह कमी होतो तो वेगळाच. दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारे जोड) लावून दर दोन महिन्यांनी उघडणार असाल तर जादा सुरक्षा म्हणून चालेल, एकट्याच्या भरवशावर नाही.

तिसरा, नळाचे तोंड ९ वरून अडीच सेंमीवर आणायचे. याला खर्च नाही आणि शेवाळाचा इथे संबंधच येत नाही. तोटा एकच, तळाशी प्रवाह कमी होतो. त्यासाठी वरच्या टाकीत लहान वेव्हमेकर (पाणी ढवळणारा पंखा) लावावा लागतो. हा पर्याय लगेच, त्याच दिवशी अमलात आणला.

चौथा, सम्पची चालू पातळी २६ वरून २० वर आणायची. पण स्किमरला २० ते २२ सेंमी स्थिर पाणी हवे होते आणि या अरुंद सम्पमध्ये पंपाचा कप्पा आधीच इतका लहान होता की उन्हाळ्यात दुपारपर्यंत पंप हवा ओढू लागला असता.

पाचवा, सम्प काढूनच टाकायचा आणि काठावर अडकवायचा स्किमर घ्यायचा. हा पर्याय घरातल्या बाईंनी मांडला आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नव्हता. पाच-सहा लहान जीवांच्या टाकीला सम्प अत्यावश्यक नसतो. जागा, वेळ किंवा खालच्या मजल्याशी संबंध यांपैकी काहीही नाजूक असेल तर हाच निर्णय शहाणपणाचा. इथे सम्प ठेवायचे ठरले ते पुण्याच्या एप्रिल-मेमुळे. कोरड्या हवेत पंख्याने पाणी थंड करायचे तर रोज काही लिटर उडणार, आणि सम्पशिवाय ती घट थेट माशांच्या टाकीत दिसणार.

शेवटी ठरले ते असे: मोठा नवा सम्प, मागच्या काचेला भोके, यू नळीला कायमची रजा.

नव्या सम्पचे माप

या वेळी माप ठरवायची सुरुवात स्टँडपासून झाली. आत ११० सेंमी रुंदी होती, पण मधल्या खांबामुळे पुढच्या दाराची मोकळी जागा फक्त ५२ सेंमी. ९० सेंमीचा सम्प पुढून जाणारच नव्हता. बाजूने मात्र अँगलांच्या मध्ये ४० सेंमी मिळत होते, म्हणून बाजूचे प्लाय कापून स्क्रूने निघेल असे केले आणि सम्पची रुंदी ३८ धरली. अनेकांचा सम्प तयार होऊन हॉलमध्ये बसून राहतो तो याच ठिकाणी चुकल्यामुळे.

९० × ३८ × ४० सेंमीच्या सम्पसाठी ८ मिमी काचेचे तुकडे असे कापून घेतले: तळ ९०० × ३८० मिमी, एक, पुढची-मागची ९०० × ३९२, दोन, बाजूच्या ३६२ × ३९२, दोन. बाजूंना दोन्हीकडे १ मिमी सिलिकॉनसाठी सोडला आहे. आतल्या आडव्या भिंती ६ मिमीच्या, ३६० मिमी रुंद. सगळ्या कडा घासून घेतल्या, कारण सम्पमध्ये हात सतत जातो.

आतले क्षेत्रफळ ८८.४ × ३६.४, म्हणजे ३२१८ चौरस सेंमी. चालू पातळी २२, काठाखाली दोन-अडीच सेंमी सोडून वरची हद्द ३७. मधली १५ सेंमी जागा ४८ लिटर घेते. खाली येणारे पाणी भोक बंद आहे असे धरून मोजले: नळाच्या तोंडापर्यंत अडीच सेंमी, म्हणजे साडेबारा लिटर, ओव्हरफ्लो पेटीतले तीन, पाइपांतले दोन-अडीच. एकूण १८. म्हणजे ३० लिटर जागा उरते. पहिल्या सम्पच्या वेळी हा हिशेब मांडायला दहा मिनिटे लागली असती.

कप्पे डावीकडून असे: गाळणीच्या मोज्याचा १८ सेंमी, स्किमरचा ३४, मग तीन भिंतींचा बुडबुडे अडवणारा भाग आणि शेवटी पंपाचा २६ सेंमी. जुन्या सम्पमध्ये भिंतींमधली फट २ सेंमी होती. सेकंदाला अर्धा लिटर पाणी तिथून जाताना वेग सुमारे पावणेनऊ सेंमी होत होता आणि बारीक बुडबुडे त्याच्यासोबत फरफटत वरच्या टाकीत जात होते. यू नळीतला फुगा काही अंशी त्यांचाच. नव्या सम्पमध्ये फट ४ सेंमी ठेवली, मधली भिंतही तळापासून ४ सेंमी वर. वेग साडेतीन सेंमीच्या आत आला. तिसऱ्या भिंतीची उंची २२ सेंमी, कारण स्किमरची पातळी तीच भिंत ठरवते.

पंपाच्या कप्प्याबद्दल सगळ्यात जास्त वाद झाला. मोठा ठेवला तर बाष्पीभवनाला वाव मिळतो. पण उतरणारा पाइप कधी तुंबला तर पंप या कप्प्यातले सगळे पाणी वर नेणार, तेव्हा तो लहान असलेला बरा. २६ सेंमीच्या कप्प्याचे क्षेत्रफळ ९४६ चौरस सेंमी. या कप्प्यातली पातळी १९ आणि पंपाचे तोंड ६ वर, म्हणजे तो जास्तीत जास्त १२ लिटर वर ढकलू शकतो. वरच्या टाकीत त्याने अडीच सेंमी पातळी वाढते. काठापर्यंत मोकळी जागा ४ सेंमी. चालेल. दुसऱ्या बाजूने, ५ लिटर उडाले तर कप्प्याची पातळी सव्वापाच सेंमी उतरते. एक दिवस निघतो, दोन दिवस कसेबसे. म्हणून फ्लोट व्हॉल्व्ह ठेवला, पण २० ऐवजी १० लिटरच्या कॅनवर. तो अडकून पूर्ण रिकामा झाला तरी क्षारता एका अंकाच्या आसपासच उतरेल.

चिकटवणे आणि पाणी भरून बघणे

सिलिकॉन व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे, साधे, पारदर्शक. बाथरूमसाठीचे बुरशीरोधक सिलिकॉन टाळायचे. त्यातले रसायन माशांना बाधते. कडा थिनरने नव्हे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या. मास्किंग टेप लावून, सिलिकॉन भरून, बोट एकदाच फिरवून टेप ओली असतानाच काढली. दुसऱ्यांदा बोट फिरवले की कोपऱ्यात खळी पडते, आणि सुकलेल्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन नीट धरत नाही, त्यामुळे डागडुजीची सोय नसते. आधी पेटी, दोन दिवसांनी आतल्या भिंती.

आठ दिवसांनी बाल्कनीत, खाली योगा मॅट आणि मॅटभोवती वर्तमानपत्र पसरून, सम्प काठोकाठ साध्या पाण्याने भरून ४८ तास ठेवला. कागद कोरडा राहिला. आतल्या एका भिंतीच्या कोपऱ्यातून थेंब पाझरत होता. तो तसाच सोडला, कारण कप्प्याकप्प्यांत झिरपल्याने काही बिघडत नाही.

टाकीला भोके आणि नळजोडणी

भोक पाडण्याआधी काच टफन (उष्णतेने कडक) केलेली नाही ना, हे बघावे लागते. टफन काचेला ड्रिल लागले की तिचा भुगा होतो. लॅपटॉपचा पांढरा पडदा काचेमागे धरून पोलराइज्ड गॉगलमधून पाहिले. काळपट पट्टे दिसले नाहीत. साधी काच.

इथला महत्त्वाचा निर्णय ओव्हरफ्लो पेटीचा. काचेची पेटी आतून सिलिकॉनने चिकटवली असती तर ते सुकेपर्यंत मासे आठवडाभर टबात राहिले असते. त्याऐवजी दोन तुकड्यांची अॅक्रिलिक पेटी निवडली: एक भाग आत, एक बाहेर, मध्ये काच, दोन्ही बाजूंना रबरी गॅस्केट आणि भोकातून जाणाऱ्या टँक कनेक्टरांनी आवळलेले. सिलिकॉनचा थेंबही नाही. काम एका रविवारी उरकले.

सकाळी मासे आणि उरलेला श्रिम्प १०० लिटरच्या दोन टबांत, टाकीच्याच पाण्यात, एअर पंपासह. खडक त्याच पाण्यात बुडवून ठेवले, कारण नायट्रोजनचे चक्र चालवणारे जिवाणू त्यांच्यावरच असतात. टाकीत १५ सेंमी पाणी ठेवून वर प्लास्टिक पसरले, म्हणजे काचेचा चुरा वाळूत जाणार नाही. काठावर प्लायचा भोक पाडलेला तुकडा क्लॅम्प करून त्यातून डायमंड कोअर बिट चालवले. बिटचे माप तक्त्यावरून न घेता हातातल्या कनेक्टरचा धागा मोजून त्याहून २ मिमी मोठे घेतले. भोकांचे मध्य काठापासून ९ सेंमी खाली. ड्रिल मंद, दाब नाही, दुसऱ्या माणसाने स्प्रेने पाणी मारत राहायचे. १० मिमी काचेला पाच मिनिटे लागतात. शेवटचे दोन मिमी सगळ्यात सावकाश, आणि आतून जाड टेप, म्हणजे सुटणारी चकती काठाचा टवका घेऊन जात नाही.

पितळी वस्तू एकही वापरली नाही. पितळात तांबे असते, आणि तांबे श्रिम्प व गोगलगायींना घातक. नेहमीच्या नळदुकानात टँक कनेक्टर आणि गेट व्हॉल्व्ह बहुतेक पितळीच समोर येतात, प्लास्टिकचे मागून घ्यावे लागतात.

बाहेरच्या पेटीतून दोन पाइप खाली आणले. एक इंचीचा, सदैव पूर्ण भरून वाहणारा, त्यावर प्लास्टिकचा गेट व्हॉल्व्ह; दुसरा सव्वा इंचीचा, तोंड पातळीच्या वर, एरवी कोरडा. पहिला तुंबला तर दुसरा सगळे पाणी उचलतो. पूर्ण भरलेल्या पाइपात हवा नसल्याने गुडगुड होत नाही, हॉलमध्ये टीव्हीचा आवाज वाढवावा लागत नाही. इथे बॉल व्हॉल्व्हही चालतो, पण केसभर फिरवून नेमका प्रवाह साधायला गेट व्हॉल्व्ह सोयीचा.

जोडणीत तीन गोष्टी चुकल्या. पहिली, पाइप आणला होता शेतीचा ३२ मिमी आणि एल्बो होते प्लंबिंगचे एक इंची. एक इंची पाइपाचा बाहेरचा व्यास ३३.४ मिमी असतो. हातात दोन्ही सारखेच दिसतात, पण दीड मिमीची ढिलाई सॉल्व्हंट सिमेंट भरून काढत नाही. सुदैवाने चिकटवण्यापूर्वी कोरडी जोडणी करून पाहिली होती, एल्बो आपोआप गळून पडला. दुसरी, एका कनेक्टरचे गॅस्केट नटाच्या बाजूला बसवले गेले. ते नेहमी कॉलरच्या बाजूला असावे; नटाकडे ठेवले तर आवळताना पिळवटते आणि धाग्यातून पाणी येते. तिसरी, पाइपाचे खालचे टोक सम्पच्या पाण्यात ९ सेंमी बुडालेले होते. पंप सुरू केल्यावर पाइपातली हवा बाहेर पडेना, सायफन धरेना आणि सगळे पाणी जादा पाइपातून धबधबा घालू लागले. टोक कापून अडीच सेंमी बुडेल असे केले, अर्ध्या मिनिटात पाइप शांत झाला.

जुन्या पाण्याखेरीज ८० लिटर नवे पाणी लागले, म्हणजे सुमारे तीन किलो मीठ. घरच्या आरओ यंत्रात चवीसाठी थोडे मूळ पाणी मिसळणारा टीडीएस कंट्रोलर होता. तो पूर्ण बंद करून, टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजून) खात्री करूनच पाणी घेतले. वीज-बोर्ड आता स्टँडच्या आत वरच्या कोपऱ्यात भिंतीला, प्रत्येक वायरला बोर्डाखाली लोंबता वळसा, आणि त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका.

चाचण्या आणि निकाल

मासे परत सोडण्यापूर्वी तीन चाचण्या झाल्या. पंप दहा वेळा बंद-चालू केला. दहाही वेळा सायफन आपोआप धरला. मग सायफन तोडणाऱ्या भोकावर टेप चिकटवून पंप बंद केला. सम्पची पातळी साडेसव्वीस सेंमीवर थांबली, हिशेबात ती २७ च्या आसपास होती. शेवटी दोन्ही उतरते पाइप बुचाने बंद करून पंप चालू ठेवला. वरची टाकी अडीच सेंमी चढली, पंपाने हवा ओढली, पाणी काठाच्या आत राहिले. ही तिसरी चाचणी बघताना धीर लागतो, पण ती केल्याशिवाय मासे सोडू नयेत.

मेमध्ये सम्पवर १२ सेंमीचा एक पंखा लावला. एक लिटर पाणी उडताना एवढ्या पाण्यातून पावणेदोन अंश तापमानाएवढी उष्णता घेऊन जाते. पुण्याच्या कोरड्या मेमध्ये पंख्याने दिवसाला पाच लिटरच्या आसपास पाणी उडाले आणि टाकी २८ अंशांच्या वर गेली नाही. स्टँडच्या मागच्या प्लायला जाळी बसवावी लागली, नाहीतर आतला ओलावा आतच कोंडून प्लाय फुगायला लागला होता.

काकूंच्या छताचा पिवळा डाग मात्र दोनदा रंगवावा लागला. पहिल्या रंगातून मिठाची पांढरी पूड वर आली. खाऱ्या पाण्याचा डाग आधी खरवडून, गोड्या पाण्याने पुसून, पूर्ण वाळल्यावरच रंगवायचा असतो. दोन्ही वेळचा खर्च या कुटुंबाने दिला.

वेगळे काय करता आले असते

डिसेंबरची चाचणी भोक टेपने बंद करून झाली असती तर त्याच दिवशी २५ लिटर पाणी बादल्या-पोतेऱ्यांच्या पहाऱ्यात बाहेर आले असते, मार्चमध्ये स्लॅबमधून नव्हे. पंप बंद करून बघणे पुरत नाही. प्रत्येक सुरक्षा उपाय मुद्दाम निकामी करून बघावे लागते.

पूर ओसरल्यावर फ्लोट व्हॉल्व्ह आधी बंद करायला हवा होता. क्षारता मोजायची, गेलेल्या पाण्याइतके खारे पाणी भरायचे, मगच फ्लोट चालू करायचा. हा क्रम कुठे लिहिलेला नव्हता आणि दमून आलेल्या माणसाला तो आठवला नाही.

तीन दिवसांच्या प्रवासाला १० लिटरचा कॅन पुरणार नाही, ही अडचण अजून सुटलेली नाही. दोन कॅन जोडले तर फ्लोट अडकल्यावर होणारे नुकसान दुप्पट होते. सध्या शेजारचा कॉलेजला जाणारा मुलगा एक दिवसाआड येऊन कॅन भरतो. वीज चार तासांहून जास्त गेली तर वरच्या टाकीतल्या ऑक्सिजनसाठी बॅटरीवरचा एअर पंप आहे. इन्व्हर्टरवर परतीचा पंप चालवायचा विचार सोडून दिला, कारण घरचा इन्व्हर्टर साइन वेव्ह नाही आणि अशा विजेवर पंप गुणगुणतो, तापतो.

आणि घरात दिवसभर असणाऱ्या व्यक्तीला सम्पची काहीच माहिती नव्हती, ही सगळ्यात सहज टाळता येणारी चूक. आता सम्पच्या पुढच्या काचेवर मार्करने दोन रेषा आहेत. २७ सेंमीवर हिरवी: वीज गेल्यावर पाणी इथपर्यंत येणार, काळजी नको. ३७ वर लाल: एमसीबी पाडा, फोन करा. दाराच्या आतून चिकटवलेल्या कार्डावर फ्लोट बंद करण्यापासूनचा क्रम मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. जूनमधल्या एका गुरुवारी वीज गेली तेव्हा आजींनी चष्मा लावून दार उघडले, रेषा पाहिली आणि मुलाला ऑफिसात फोन केला: "हिरवीच्या अर्धं बोट खाली आहे."